ब्रेकवरचा पाय

घाटाचा उतार सुरू होण्याआधीच गाडीत दोन पिवळे दिवे एकदम लागले. ओला रस्ता, कडेला दरी... वळणावर एक गॅरेज दिसलं, तशी गाडी आत घातली.

एका जीपखालून मेकॅनिक सरपटत बाहेर आला. गालभर ग्रीस, पण डोळे— फार शांत.

"ब्रेक गेले का हो?" मी काच खाली करत विचारलं.

त्यानं आत डोकावून दिवे पाहिले. "ब्रेक आहेत. पण जोरात दाबलेत तर चाक अडकेल आणि गाडी घसरेल."

"मग दिवे दोन का?"

"चाकाजवळ सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय, ते तो सांगतो. ब्रेक दाबल्यावर चाक अडकायला लागलं, की एबीएस तो ब्रेक क्षणभर सैल करतं, पुन्हा दाबतं. आणि निघताना चाक जागीच गरगरलं, की ट्रॅक्शन कंट्रोल त्यालाच ब्रेक लावतं, इंजिनचा जोर कमी करतं. दोघांना खबर देणारा एकच. तो गप्प झाला, की दोघंही ठप्प."

"छान जमतं की दोघांचं!"

"हो... तुमचं कुणाशी जमतं?"

"गुरांशी. डॉक्टर आहे त्यांची. खाली एक गाय आजारी आहे, आज जायलाच हवं."

तो हसला. सेन्सरची तुटलेली तार त्यानं बदलली. "आता चालवून बघायला हवं. तुम्ही चालवा, मी शेजारी..." आणि दारावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाशेजारी बसलो होतो. गाडी घसरली. तो अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून मी... कुणाच्या शेजारी बसलो नाही."

"मग नका बसू."

तो बसला.

गॅरेजमागच्या चिखलाच्या मैदानात मी ॲक्सिलरेटर दाबला. चाक गरगरलं, ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकून विझला, गाडी सावरून निघाली.

"आता ब्रेक! पूर्ण!"

पायाखाली पेडल थडथडायला लागलं. घाबरून मी पाय उचलणार, तोच तो ओरडला, "पाय काढू नका! एबीएसच आहे ते, दाबून धरा!"

गाडी थांबली. सरळ रेषेत, कुंपणापासून हातभर अंतरावर.

त्यानं माझं कोपर गच्च धरलं होतं.

"गाडी थांबलीय," मी हळूच म्हटलं.

"माहितीये..."

"हात थंडगार पडलाय तुमचा."

"तुमचा तरी कुठे गरम आहे?"

त्याला गॅरेजपाशी सोडून मी निघणार, तेवढ्यात त्यानं काचेवर टकटक केलं. "मी... येऊ?"

"भीती नाही वाटणार?"

"वाटेल ना. पण तुम्ही एकट्या खाली उतरताय आणि मी इथे बसलोय— त्याची जास्त वाटतेय."

मी शेजारचं दार उघडलं. "गाय लाथ मारते हं," मी म्हटलं.

"चालेल."

शटर ओढून तो आला, पट्टा लावला, डोळे घट्ट मिटले. "चला... हळू हं, डॉक्टर."

ज्या उताराची इतकी धास्ती घेतली होती, तो लवकर संपू नये, असं मला वाटत होतं.