धारक : एक

"निघत नाहीये," संगणकाच्या पडद्याआडून फ्लोरी डाबरे म्हणाली. लोकांच्या मेंदूत भरलेले सूचनांचे संच उतरवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत अशी वेळ तिच्यावर क्वचितच यायची.

समोर ऋजुता बसली होती, मांडीवर चौदा महिन्यांचा निषाद. तो सातव्या महिन्यातच जन्मला, तेव्हा तिने 'श्वासताल' हा संच घेतला होता. बाळाचा श्वास अडला की आईला जाग यायची. आता बाळ स्वतःच्या मेंदूत बसवलेल्या श्वासनियामकावर छान श्वास घेत होतं, तरी ऋजुता दर दहा मिनिटांनी दचकून उठायची. तुमचं हृदय थकलंय, झोपा, असं डॉक्टर तिला बजावत होते.

"ओढून काढा ना, ताई."

"तसं नसतं हो ते. संच एकच, वापरणारे अनेक. कुणी धरला की धारकांचा आकडा एकाने चढतो, सोडला की उतरतो. शून्यावर आला की संच आपोआप निघतो. आत्ता तुमच्या कानांनी सोडला, झोपेनेही सोडला. तरी धारक एक दाखवतंय."

"कोण मेला चिकटून बसलाय?"

फ्लोरीने पत्ता काढला. तिचा चेहरा उतरला. "निषादचा नियामक."

"त्याला त्याचा वेगळा संच आहे की!"

"नियामक सुरू केला तेव्हा निषाद कुठे होता?"

ऋजुताला तो दिवस आठवला. सिस्टर सांगत होत्या, बाळाला दोन मिनिटं काचेच्या पेटीत ठेवा. तिने कांगारूसारखं छातीशी बांधलेलं बाळ सोडलंच नव्हतं.

"शेजारी भरलेला संच सापडला की नियामक नवा भरत नाही, तोच धरतो. कधी याला सोडून लांब गेलायत?"

"एकदाही नाही."

"तरीच. तुमचा डोळा लागला की संच मंदावतो, म्हणून याचा श्वास अडतो. तुम्ही उठलात की सुरळीत."

"मग आता भरा त्याला नवा!"

"आधी हा सोडावा लागेल. मधली नऊ मिनिटं घशात नळी."

"नळी नाही! त्याची फुप्फुसं सोसणार नाहीत, स्पष्ट सांगितलंय." तिचा आवाज चिरकला. "राहू दे मग. माझे कान पुन्हा जोडा. मी उठत जाईन."

फ्लोरीने दोनदा प्रयत्न केला. पडदा ढिम्म.

"उतरवायची आज्ञा दिलीय मी. उतरणीला लागलेला संच नव्या कुणाला धरू देत नाही."

"म्हणजे आता मला जाग..."

"याचा श्वास अडला तरी येणार नाही."

ऋजुताने निषादला घट्ट जवळ घेतलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तिला जांभई आली.