बंद मोटरची पकड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या दुपारी मी वर्कशॉपात गेले ती साधी मोटर तपासायला.

आमचं काम पितळी पाट्यांवर अक्षरं कोरायचं. मशीन आमच्या यांनी स्वतः बांधलेलं. जुना कम्प्युटर, त्याच्या पाठीमागे पूर्वी प्रिंटर लावायचे ते लांब सॉकेट, पॅरलल पोर्ट म्हणतात ते. तिथून केबल दोन कंट्रोलरना जाते आणि कंट्रोलरवरून वायरी दोन मोटरना. एक मोटर सुई डावी-उजवी नेते, दुसरी पुढे-मागे. या स्टेपर मोटर पंख्यासारख्या गरगरत नाहीत, मुंगीच्या पावलानं एकेक घर सरकतात. थांबल्या तरी वीज असेपर्यंत जागा सोडत नाहीत. हे म्हणायचे, "चालणं सोपं गं, धरून ठेवायलाच जास्त ताकद लागते."

हे जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. मला रडू आलं नव्हतं. घरातली कामं होत होती, हात चालत होते, एवढंच.

धाकट्या दिरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "वहिनी, पाच वाजता टेम्पो आणतो. एक पाटी कोरून दाखवलीत तर मशीन तुमचं. नाहीतर माझ्या कारखान्यात नेतो. उगाच गंजवायचं कशाला?" माणूस वाईट नाही. पण मशीन गेलं असतं तर दिवस कशात घालवायचा हे मला सुचत नव्हतं.

डावी-उजवी मोटर अडून बसली होती. नुसती घूं करायची. मी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे यांचे मित्र, रेडिओ दुरुस्त करतात.

"दोन्ही मोटरच्या वायरी अदलाबदल करून बघा," ते म्हणाले. "पण आधी लाइट बंद, नाहीतर कंट्रोलर जळेल."

"माहीत आहे हो. संसारच या नियमावर झालाय."

"मग मला कशाला फोन? अक्कल तपासायला?" ते हसले, आणि मधेच थांबले. घरात कुणी गेलेलं असलं की लोक असेच मधे थांबतात.

अदलाबदल केली. चांगली मोटर दोन्ही कंट्रोलरवर चालली. अडलेली दोन्हींवर अडली. म्हणजे पोर्ट ठीक, केबल ठीक, कंट्रोलरही ठीक.

"लाइट बंद करून तिचा दांडा बोटांनी फिरवा. सहज फिरायला हवा."

फिरेना.

"वायर पूर्ण काढा."

काढली. तरी फिरेना. फोन ठेवून गच्च बसलेले चार स्क्रू सोडवण्यात तास गेला; मोटर मशीनपासून अलग करून मांडीवर घेतली आणि मास्तरांना पुन्हा फोन लावला. मुठीएवढी, पण जड. तापलेल्या व्हार्निशचा वास येत होता.

"मास्तर... ही गरम आहे."

"मघाशी चालू होती ना."

"तासभर झाला बंद करून."

मास्तरांनी पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद केला. मग हळूच, "बेअरिंग अडकलं असेल, वहिनी... ठेवून द्या तिला. मी उद्या येतो."

"उद्या मशीन इथं नसेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कम्प्युटरही बंद केला. पंख्याची घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, पितळेचा भुसा चमकत होता. आणि मांडीवर ती कोमट मोटर.

यांना हृदयाचा झटका आला त्या सकाळी मशीन चालूच होतं. खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून मी धावत आले आणि आधी मशीनचा स्विच बंद केला. आधी लाइट, मग बाकीचं. मग यांच्याकडे वळले. यांचे डोळे उघडे होते. मी आधी काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"सोडा हो," मी मोटरला म्हणाले. आवाज माझाच, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. "नेतील ते मशीन... धरायचंच असेल तर मला धरा."

दांडा एक घर सरकला. टक.

माझी बोटं त्याच्यावर नव्हती.

टक... टक... आणि मग तो सैल झाला.

मोटर परत बसवली; दीर आले तेव्हा 'कार्यालय' ही पाटी कोरून तयार होती. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "वहिनी, दादापेक्षा सरळ येतंय की! टेम्पो फुकटच आणला म्हणायचा." रिकामा टेम्पो घेऊन ते निघून गेले.

मी कुलूप लावायला किल्ली घातली, पण मनगट वळेना. दुखत नव्हतं, मुंग्या येत नव्हत्या. कुणीतरी सगळ्या ताकदीनं जागच्या जागी धरलं होतं आणि तेवढी जागा गरम होती. दहा मोजेपर्यंत तसंच. मग एकेक घर सुटत गेलं.

आता रोज होतं. डॉक्टर म्हणतात नस दबली आहे. काल मनगट सुटेचना; शेजारीण हाक मारायला आली तोवर मी किल्ली धरून दारातच उभी होते.

मशीन छान चालतं. फक्त ती मोटर... दिवसभर पाट्या कोरल्या तरी आता गारच लागते.