उसना दरारा

हे लिहून काढायचंच नाही, असं भार्गवनं जवळजवळ पक्कं केलं होतं.

एक तर गारठणवर कुणी लिहीत नाही. तळावर सगळा कारभार बोलनोंदींवर चालतो. चालता चालता तोंडानं बोलायचं, भिंतीतलं यंत्र ते ज्याच्या त्याच्या आवाजात जपून ठेवतं आणि ज्याला हवं तो ऐकतो. भार्गवला कीबोर्ड मिळाला तो गोदामात, एका बंद पडलेल्या हीटरच्या खोक्यात, तोही दोन बटणं रुसलेला. दुसरं म्हणजे ही जिंकल्याची गोष्ट आहे, आणि अशी गोष्ट तोंडानं सांगण्यात जी मजा आहे ती दोन बोटांनी टाइप करण्यात नाही. तरी बसला. तोंडानं का नाही सांगितली, ते पुढे येईलच.

गारठण हे पार दक्षिणेकडच्या समुद्रातलं बेट. नकाशावर त्याचं नाव लांबलचक आहे, पण तळावरच्या मराठी मंडळींनी पहिल्याच हिवाळ्यात त्याचं गारठण करून टाकलं. झाड एक नाही. काळी वाळू, वारा आणि हत्तीसील. हत्तीसीलचा नर म्हणजे माल भरलेला टेंपो. तीन टनांचं धूड, आणि नाकावर फुगणारी पिशवी, हत्तीच्या सोंडेसारखी लोंबणारी. मादी त्याच्या पाव वजनाची. वर्षातला बहुतेक काळ ही जनावरं समुद्रात एकेकटी हिंडतात आणि वसंतात किनाऱ्यावर गोळा होतात. आधी नर येतात आणि कोण कुणाच्या वरचढ ते ठरवून घेतात. मग माद्या येतात, पिल्लं घालतात, तीनेक आठवडे दूध पाजतात, पुन्हा गाभण राहतात आणि निघून जातात. वरचढ नराभोवती माद्यांचा घोळका असतो. बाकीचे नर कडेला बसून बघतात.

भार्गव गुरव मूळचा विट्याचा. कॉलेज सुटलं, पुढचं सगळं स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात आणि रात्रंदिवस नेटवर व्याख्यानं ऐकून शिकला. मोहिमेला आवाजाचं काम बघणारा माणूस हवा होता, यानं अर्ज ठोकून दिला आणि मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. हेमांगी बिवलकरांनी त्याला घेतलं. बोटीतून उतरताना मनात एकच होतं. सगळे डॉक्टरेटवाले, आपलं कोण ऐकणार? पण पहिल्याच दिवशी त्यानं दबकत सुचवलं, तो माइक खडकाच्या आड घेतला तर बरं होईल. तर तळप्रमुख खानविलकर साहेब, आरमारात उभा जन्म हुकूम सोडलेला माणूस, मुकाट उठले आणि स्वतः माइक हलवून आले. भार्गवला वाटलं, माणसं फार चांगली आहेत.

त्याची गट्टी जमली ती जेरोम डाबरेशी. जेरोम वसईचा, यंत्रं सांभाळणारा, कुणालाही न सोडणारा. भार्गवच्या थर्मलला तो गोधडी म्हणायचा आणि त्याच्या चहाला इंजिन ऑइल.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी पक्ष्यांकडून आलेल्या एका तापानं हा किनारा साफ केला होता. थोड्या माद्या उरल्या, चाळीसेक नर उरले. त्यांत एक नर असा दांडगा निघाला की सगळ्या माद्या त्याच्याच ताब्यात. तळावर त्याचं नाव सरपंच. मग जन्मलेली जवळपास सगळी पिल्लं सरपंचाची. किनारा भरल्यासारखा दिसत होता, पण बिवलकर मॅडमची झोप उडाली होती.

त्यांनी भार्गवला समजावलं ते जेवणाच्या टेबलावर. म्हणाल्या, समज एका गावातल्या सगळ्या घरांना एकच कुलूप आहे. चोराला एक किल्ली सापडली की गाव संपलं. एका बापाच्या पिल्लांची रोगाशी लढायची ताकद साधारण एकाच घडणीची असते. ताप परत आला तर एक तर सगळी वाचतील, नाहीतर सगळी जातील. आपल्याला निरनिराळी कुलपं हवीत. म्हणजे निरनिराळे बाप.

भार्गव म्हणाला, मग सरपंचाला भूल देऊन पलीकडच्या खाडीत सोडून या की.

ते करून झालं होतं. सरपंच नाहीसा झाला तसे चाळीस नर एकमेकांवर तुटून पडले होते. भांडणारा नर खाली काय आहे ते बघत नाही. त्या हंगामात पिल्लं तापानं मेली नव्हती, चिरडून मेली होती. यंदा काही जमलं नाही तर तळ उचलायचा, असं वरून ठरून आलं होतं. बिवलकर मॅडमची उमेदीची वर्षं या किनाऱ्यावर गेली होती.

मग त्यांनी खरी कल्पना सांगितली. हत्तीसीलची बहुतेक भांडणं मारामारीपर्यंत जातच नाहीत. नर हाक मारतो, ती ढोलावर टिपरू पडल्यासारखी येते, आणि प्रत्येकाची लय ठरलेली. ऐकणारा ती लय ओळखतो. यानं मला मागे बडवलंय असं आठवलं की सरळ वाट सोडतो.

"म्हणजे खरा मार एकदाच. नंतर नुसत्या आवाजावर चालतं," भार्गव म्हणाला.

"बरोबर. आता मला सांग, मार एकानं दिला आणि आवाज दुसऱ्याचा असला तर?"

भार्गवचा घास हातातच राहिला. मॅडमनी या प्रकाराला नावही ठेवलं होतं, उसना दरारा.

जेरोमनं वर्षभर खपून एक यंत्र बांधलं होतं. रबरी कातड्याचा, पट्ट्यांवर सरकणारा नर, अस्सल नरापेक्षा थोडा जडच. त्याचं नाव पहिलवान. नर किनाऱ्यावर येऊ लागले की किनाऱ्यावरचे अगदी शेवटच्या पायरीचे पाच नर हेरायचे, त्यांना शेजारच्या खाडीत अडवून ठेवायचं आणि इकडे पहिलवानानं त्यांच्या आवाजात सगळ्यांना लोळवायचं. मग पहिलवान आत, ते पाच बाहेर. त्यांनी तोंड उघडलं की बाकीच्यांनी वाट सोडायची. प्रत्येकाच्या वाट्याला किनाऱ्याचा एक तुकडा, एक घोळका. मारामारी नाही, चेंगराचेंगरी नाही, बाप पाच आणि सहावा सरपंच.

पाचांतला सगळ्यात भित्रा होता लाजऱ्या. सहसा हाकच मारायचा नाही. भार्गवनं त्याचा आवाज मिळवला तो चिखलात पालथं पडून, हातभर माइक पुढे धरून. दोन ठोके, एक दम, मग चार ठोके. जेरोम म्हणाला, "भार्ग्या, तुझ्या मागे लागला तर मी पळणार, आधीच सांगून ठेवतो."

पहिलवानानं काम चोख केलं. लाजऱ्याच्या लयीत हाक मारत त्यानं थेट सरपंचाला छातीनं रेटत पाण्यापर्यंत नेलं. माद्या आल्या, पिल्लं झाली, काळी कुळकुळीत, कुत्र्यासारखी भुंकणारी. पाचही जण आपापल्या जागी बसले. हाक आली की दुसरे नर माना खाली घालून निघून जात. तळावर सगळे हवेत होते.

आणि मग एका सकाळी सरपंच किनारा तुडवत पूर्वेच्या टोकाला आला. लाजऱ्या नेहमीसारखा गप्प होता, त्यामुळे समोर कोण आहे हे सरपंचाला कळायचं काही कारणच नव्हतं. त्यानं हाक ठोकली. लाजऱ्या गर्रकन वळला आणि मागे सरकायला लागला, जिथे पिल्लं होती तिकडेच.

टेकाडावरून बघताना भार्गवच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या नरांच्या कानांत लाजऱ्याचा दरारा भरला होता. फक्त एका नराचे कान राहून गेले होते. खुद्द लाजऱ्याचे. आपण मोठे झालोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वायरलेसवर खानविलकर साहेबांचा आवाज आला, पहिलवान सोडा. सोडला तर पिल्लांमधूनच जाणार होता, आणि लाजऱ्याच्या लयीत दोन-दोन नर ऐकू आले असते तर सगळं बिंग फुटलं असतं. नाही सोडला तर सरपंच पिल्लांवरून जाणार होता. भार्गवनं वायरलेसचं बटण दाबलं.

"थांबा. पहिलवान हलवायचा नाही."

जेरोमचा हात लिव्हरवरून उचलला गेला. खानविलकर साहेबांनी हुकूम पुन्हा सोडला नाही. मॅडमही मध्ये पडल्या नाहीत. कारण विचारलं असतं तर भार्गवला देता आलं नसतं, त्याला नुसतं तसं वाटलं होतं. पण कुणी विचारलंच नाही.

लाजऱ्या मागे सरकत खडकाला टेकला. आता मागे जागा नव्हती. बाजूला एक पिल्लू ओरडत होतं. सरपंच छाती वर काढून आला, आणि भीतीनं, निव्वळ भीतीनं, लाजऱ्याच्या तोंडून हाक निघाली. दोन ठोके, दम, चार ठोके.

सरपंच जागच्या जागी थांबला. त्याची सोंड ढिली पडली. ती लय त्यानं पाण्याच्या कडेपर्यंत मार खात ऐकली होती. मग ते धूड हळूहळू वळलं आणि आल्या वाटेनं निघालं.

लाजऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा सरपंचाची पाठ बघितली. थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग पुन्हा हाक मारली, या वेळी मुद्दाम, आणि अंगभर लाटा उठवत सरपंचाच्या मागे चार ढांगा गेला. वायरलेसवर जेरोम वसईच्या अस्सल बोलीत अशा काही आनंदाच्या शिव्या देत होता की त्या बोलनोंदीत आजही जपून ठेवलेल्या आहेत.

पुढच्या हंगामात ताप खरोखरच परत आला. सरपंचाची पिल्लं पटापट आजारी पडली, बरीचशी गेली. लाजऱ्याच्या पिल्लांना नुसती शिंक आली म्हणायची. दुसऱ्या चौघांची थोडी कुरकुरली आणि उठली. हंगाम संपला तेव्हा किनारा भरलेला होता. लठ्ठ, रुपेरी, पोहायला निघालेली पिल्लं पाण्याच्या कडेला रांगेनं पडली होती. मॅडम त्यांच्यात एकट्याच जाऊन बसल्या, आणि परत आल्या तेव्हा डोळे पुसायचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

त्या दुपारी जेरोमनं वसईचे फुगे तळले, मैद्याचे, टम्म फुगलेले. सगळे तुटून पडले. खानविलकर साहेबांनी भार्गवच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, तुझं पहिल्यापासून सगळं बरोबरच निघत आलंय. तू इथं यायच्या आधी ते वादळाचं सांगितलंस ना, बोटी वर ओढून घ्या म्हणून, तेव्हाच मी ओळखलं.

भार्गवनं कुठल्याच वादळाचं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा तो विट्यात होता. त्यानं मॅडमकडे बघितलं. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. भार्गवच्या आधी आवाजाचं काम बघायला दोघं येऊन गेले होते, दोघंही हुशार. पण पदवी नाही, वय नाही, म्हणून त्यांचं कुणी ऐकलंच नाही, आणि न ऐकल्यामुळे याच्या आधी बांधलेला पहिला पहिलवान समुद्रात बुडाला. म्हणून या वेळी मॅडमनी मुलाखतीतल्या भार्गवच्या आवाजावरून यंत्राकडून बोलनोंदी बनवून घेतल्या. तो येण्याच्या आधी दोन महिने त्या रोज तळावर वाजत होत्या. हवामान, दुरुस्त्या, बोटींची कामं. प्रत्येक सूचना मॅडमनी आधी तपासलेली, त्यामुळे प्रत्येक खरी निघणारी. तो बोटीतून उतरला तेव्हा त्याचा आवाज म्हणजे बरोबर, हे सगळ्यांच्या कानात बसलेलं होतं.

"म्हणजे लाजऱ्याच्या आधी माझ्यावर करून बघितलंत," भार्गव म्हणाला.

"हो. आणि विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. पण लाजऱ्यानं शेवटची हाक स्वतःच मारली ना? तूही 'थांबा' स्वतःच म्हणालास."

"मला काहीही माहीत नव्हतं, मॅडम. चुकलो असतो तर?"

"तर आम्ही सगळे तुझ्याबरोबर चुकलो असतो," मॅडम म्हणाल्या. "मलाही त्या क्षणी 'का' म्हणून विचारायचं सुचलं नाही. आणि तो आवाज तर मीच बनवला होता."

हे ऐकून मात्र भार्गवला खिडकीबाहेरच्या वाऱ्यापेक्षा जास्त गार वाटलं. मग त्यांनी हेही सांगितलं की उसन्या दराऱ्याबद्दल मुख्य भूमीवरून विचारणा सुरू झाल्यात. दोन कंपन्या, एक राजकीय पक्ष. सीलसाठी नव्हे.

भार्गव उठून यंत्रशाळेत गेला. जेरोम पहिलवानाच्या फाटलेल्या पोटाला ठिगळ लावत होता, एक फुगा तोंडात, एक कानामागे पेन्सिलीसारखा. भार्गवनं त्याला सगळं सांगितलं. जेरोम हसला, म्हणाला, मग काय झालं, बरोबर तर सांगायचास.

"जेऱ्या, ऐक," भार्गव म्हणाला. "आजपासून मी काहीही सांगितलं की आधी 'का' म्हणून विचारायचं."

"बरं," जेरोम म्हणाला, आणि ठिगळाला गोंद लावायला लागला.

का, म्हणून त्यानं विचारलं नाही.

भार्गव त्याच्याकडे बघत राहिला. तळावर त्याला शिव्या घालणारा, त्याच्या चहाला नावं ठेवणारा हा एकच माणूस, आणि त्याच्याही कानात तो आवाज बसलेला होता. बाहेर किनाऱ्यावर लाजऱ्या हाक मारत होता, दोन ठोके, दम, चार ठोके, आणि नव्या पिल्लांतली नर पिल्लं ती ऐकून आत्तापासूनच बाजूला सरकत होती. ती पहिलवानाच्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती.

त्यानं जेरोमच्या हातातून गोंदाची बाटली काढून घेतली.

"जेऱ्या, शब्द देतो तुला. हे सगळं मी लिहून काढणार. बोलून नाही, लिहून, माझा आवाज कुठेही न लागता. मी जवळ नसताना वाच, आणि जिथे पटणार नाही तिथे खोटं आहे म्हणून सांग. तू एकदा तरी मला चूक म्हणेपर्यंत मी या तळावर कुणालाही काही करायला सांगणार नाही."