ओग्न्येनची जॉयस्टिक

शुक्रवारी दुपारी दुशित्सानं टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या आणि भावाची जॉयस्टिक लॅपटॉपला जोडली. जुन्या रेडिओची आवाजाची बटणं उचकटून ओग्न्येननं ती घरीच बनवली होती. त्याच वर्षी तो होडी घेऊन डॅन्यूब नदीवर गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. त्याला चौतीस वर्षं झाली.

त्यांच्या झेमून गावच्या चर्चमध्ये जिवंतांची मेणबत्ती वरच्या कप्प्यात लावतात, मेलेल्यांची खालच्या. त्यांची आई ल्युबिंका ओग्न्येनची मेणबत्ती आजवर वरच लावत आली होती. शेजारणी माना वळवत, दुशित्साला मेल्याहून मेल्यासारखं होई. उद्या मृतांचा शनिवार, गेलेल्यांच्या नावानं मेणबत्त्या लावायचा दिवस होता. कधी नव्हे ती आई म्हणाली होती, "त्यानं संगणकावर लिहिलेला खेळ एकदा चालताना दाखव. मग लावीन खाली."

खेळ त्याच्या जुन्या कॅसेटवरून उतरला. लॅपटॉपमध्ये त्या काळच्या संगणकाची नक्कल जागी झाली, पडद्यावर निळी नदी आली, होडी आली. पण होडी डावीकडे सरकायची आणि काठावर आपटायची.

दुशित्सा इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायची, तिला यात नवल नव्हतं. जॉयस्टिकच्या दांडीला हात न लावता पडद्यावरचा तिचा आकडा मध्यावर, म्हणजे एकशे अठ्ठावीसवर हवा. तो एक्याण्णववर होता. तिनं स्पिरिटनं आतले भाग पुसले. एक्याण्णव. बटणं नवी बसवली, तारा बदलल्या. आकडा मध्यावर आला, जरा थांबला, आणि हळूहळू उतरत एक्याण्णववर जाऊन बसला.

खिडकीबाहेर नदीचं धुकं इतकं दाटलं होतं, की समोरचा काठ कधी होता की नव्हता असं वाटावं. मृतांच्या नावानं गोड गहू करतात, त्यात घालायला आई अक्रोड फोडत होती; गहू गेलेल्या बाबांच्या नावाचा होता.

"किती वेळ गं?"

"झालंच. कुठंतरी ढिलं आहे."

"ढिलं कसलं? बघ की, दांडी कललीये."

दुशित्सानं पाहिलं. दांडी खरंच डावीकडे कलली होती. तिनं बोटानं सरळ केली. बोटाला उलटा दाब जाणवला, हलका, लाडिक. बोट काढताच दांडी पुन्हा कलली.

आईनं अक्रोड खाली ठेवला.

"ओग्न्येन, सोड ते. ताई काम करतेय."

दांडी सरळ झाली.

एकशे अठ्ठावीस.

दोघी बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. तो हलला नाही. होडी नदीच्या मधोमध स्वस्थ उभी होती. दुशित्साला हायसं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं.

"चाललं की, आई," ती कशीबशी म्हणाली.

आईनं हात ॲप्रनला पुसले, कपाटातून आणखी गहू काढला आणि भिजत घातला.

"उद्या त्याची खालीच लावू," ती म्हणाली. "जिवंतपणी पोरानं एका हाकेत कधी ऐकलं नव्हतं."