बुंदीनं न पाहिलेलं चित्र

मांजर चित्र काढू शकतं का? वाईच्या रेवती पिसाळला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण तिच्या मते त्याचं उत्तर घरातच खिडकीत ऊन खात बसलेलं असे. त्या उत्तराचं नाव बुंदी.

ही ठिपकेदार मांजरी रोज संध्याकाळी व्हरांड्यातल्या लाकडी फळीवर नखं घासायला यायची. रेवती फळीवर कागद लावायची आणि पुढ्यात हळदीच्या नि गोकर्णाच्या रंगात भिजवलेली फडकी पसरायची. फडक्यांवरून चालत बुंदी कागदावर पंजे मारी की पिवळ्या-निळ्या रेघा उमटत. त्यातली सात चित्रं जिल्ह्याच्या प्रदर्शनात 'प्राण्यांची कला' या स्पर्धेसाठी निवडली गेली होती. उद्या ती भिंतीवर लागणार होती, खाली पाटी असणार होती, 'चित्रकार : बुंदी'. सन २०५८ मध्ये यंत्रांनी चित्रं काढण्याचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं, पण मांजरानं? रेवतीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

शिवाय एक गोष्ट ती कुणाजवळ बोलत नसे. तिला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं. तिनं काढलेला घोडा वर्गानं एकमतानं पलंग ठरवला होता. बुंदीमुळे, मदतनीस म्हणून का होईना, तिचं नाव पहिल्यांदाच चित्रांच्या यादीत आलं होतं.

आणि नेमकं प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या यज्ञेशनं विचारलं, "ते चित्र आहे कशावरून? नुसते ओरखडे असतील."

रेवतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येताच तिनं आजोबांची खोली गाठली. आबा, म्हणजे डॉ. विश्राम पिसाळ, यांनी प्राण्यांना जग कसं जाणवतं याचा चाळीस वर्षं अभ्यास केला होता. आपण चहा प्यायलो की नाही हे मात्र त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे.

"आबा, बुंदी चित्रं काढते हे सिद्ध करून द्या."

"सिद्ध करून द्यायचं नसतं, बाळ. तपासायचं असतं. उत्तर तुझ्या बाजूचं येईल किंवा येणार नाही. चालेल?"

"चालेल," रेवती म्हणाली. उत्तर तिच्याच बाजूचं येणार होतं, मग न चालायला काय झालं?

"मग सांग, रंगच काढून घेतले तर चित्रकार काय करेल?"

"वैतागेल आणि निघून जाईल."

आबांनी आज फडकी साध्या पाण्यात भिजवली. कागद, फळी, वेळ, सगळं रोजचंच ठेवलं. "याला नियंत्रित प्रयोग म्हणतात (एकच गोष्ट बदलायची, बाकी काही बदलायचं नाही). मग फरक पडला तर तो कशामुळे, हे कळतं."

बुंदी आली, ओल्या पायांनी कागदावर चढली आणि रोजच्याइतक्याच मन लावून नखं घासू लागली. रंगाची एक रेघ उमटेना, पण तिचं काही अडलं नाही. फळीच्या कडेला गाल घासून ती निघून गेली. "एका वेळेवरून काही ठरत नाही," असं म्हणत आबांनी थोड्या थोड्या वेळानं कधी रंग, कधी पाणी असं पुन्हा चारदा करून पाहिलं. बुंदी तश्शीच वागली.

रेवतीचे डोळे भरून आले. "म्हणजे तिला माझे रंग नकोच होते?"

आबांनी कपाटातून गंधचष्मा (वास रंगांच्या रूपात दाखवणारं यंत्र) काढून तिच्या डोळ्यांवर चढवला. कोरा कागद तिच्यासमोर उजळून निघाला. प्रत्येक ओरखड्यावर जांभळी झाक होती. दाराच्या चौकटीवरही होती आणि रेवतीच्या स्वतःच्या पोटरीवरही.

"मांजराच्या पंजात आणि गालाशी गंधग्रंथी असतात (वास तयार करणारे बारीक अवयव). नखं घासताना ती निरोप ठेवते, की इथं मी असते. तू तिच्या निरोपावर हळद सांडत होतीस."

रेवती पोटरीकडे बघून हसली, पण लगेच गंभीर झाली. "मग माझी सात चित्रं इतकी छान कशी आली?"

पिसाळांच्या घरात एक शिस्त होती. पाठकोरा कागद फेकायचा नाही, दुसऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. त्यामुळे बुंदीचे बाकीचे सत्तावन्न कागद कपाटात जसेच्या तसे पडून होते. आबांनी ते जमिनीवर अंथरले.

"हा का नाही पाठवलास?"

"शी, याचा चिखल झालाय."

"आणि हा?"

"सगळं पिवळं एकीकडे गेलंय. तोल नाही त्याला."

"बरं, त्या सात कागदांवर बुंदी थांबली कधी?"

"ती कुठली थांबते? मीच कागद ओढून घ्यायचे. आणखी एक ओरखडा आला तर बिघडेल, असं दिसायचं ना मला..." रेवतीची नजर जमिनीवरच्या कागदांवरून फिरली. मग तिनं हळूच विचारलं, "आबा, म्हणजे बघणारी मी होते?"

"चौसष्टांतून सात निवडणारी आणि नेमक्या वेळी थांबवणारीही तूच. हाताला वळण सरावानं लागेल. नजर आहे तुझ्याकडे. सगळ्या मांजरांबद्दल मात्र मी बोलणार नाही, आपण एकच तपासली."

ती पाटी तशीच राहू दिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण सकाळी प्रदर्शन उघडण्याआधी रेवती सत्तावन्न कागदांचा गठ्ठा घेऊन संयोजक शुभदाबाईंपुढे उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चित्रं स्पर्धेतून काढावी लागतील, असं म्हणताना त्यांनाच वाईट वाटलं. भिंतीवर मात्र त्यांनी ती राहू दिली, शेजारच्या टेबलावर गठ्ठाही ठेवला आणि रेवतीला नवी पाटी लिहायला दिली. तिनं लिहिलं, 'खुणा : बुंदी. निवड : रेवती पिसाळ.'

दुपारी यज्ञेश आला आणि गठ्ठा चाळत बसला. "मी असतो तर हा निवडला असता," एक कागद वर धरून तो म्हणाला. रेवतीनं तो का नको ते सांगितलं, त्यानं का हवा ते सांगितलं. दोघांभोवती माणसं जमली आणि जो तो आपापला कागद शोधू लागला.

संध्याकाळी बाई पुढच्या वर्षीची नावं लिहून घेत होत्या. "रेवती, तुझं नाव कुठं घालू? प्राण्यांच्या यादीत, मदतनीस म्हणून?"

"नको बाई," रेवती म्हणाली, "चित्रकारांच्या यादीत घाला."