मनिरामच्या डोंग्यावर घातलेला कोबा

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण आमच्या पतिराम मामासमोर हसू नका, तो कानाखाली वाजवेल. मी त्याचा सख्खा भाचा. त्यानं दात-ओठ खात जे सांगितलं, तेच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. जागा, तिरोड्याच्या पुढचा आमच्या गावचा तलाव.

आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारी दोनची.

मामा गवंडी. गावच्या ढिवरांच्या मासेमार संस्थेनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बर्फाची खोली बांधायला काढली होती, कारण उन्हाळ्यात गोंदियाला पोचेपर्यंत मासे नासायचे. अशा खोलीत सगळी करामत जमिनीची असते. खालची धग वर आली की बर्फाचं पाणी झालंच म्हणून समजा. म्हणून आधी मुरूम, त्यावर प्लास्टिक, मग लाकडी पट्ट्यांचे चौकोन, त्यांत राईस मिलमधला धानाचा कोंडा ठासून भरायचा, वर थर्माकोल आणि शेवटी सिमेंटचा कोबा. मामानं ही जमीन मन लावून आखली होती.

पट्ट्या कमी पडल्या.

पाळीवर एक डोंगा, मासेमारीची छोटी होडी, पडलेला होता. बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा. उपडा.

तो मनिरामचा. मनिराम म्हणजे माझ्या वच्छला मावशीचा नवरा, मामाचा मेहुणा. त्या उन्हाळ्याच्या तीन वर्षं आधी तो जाळं टाकायला गेला आणि तलावानं त्याला परत दिलंच नाही. आमच्या गावात एक नेम आहे. बुडालेल्या माणसाचं अंग सापडत नाही तोवर त्याचा डोंगा उपडाच ठेवायचा. सरळ करायचा नाही. तोडायचा तर मुळीच नाही.

मावशी रोज सकाळी त्या डोंग्यापाशी जाऊन बसायची. नवऱ्याचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

"त्याले कोनी हात नोको लावू देजो, भाऊ," ती आधीच म्हणाली होती.

मामानं शब्द दिला होता.

दुपारी मामा जेवायला घरी गेला. ऊन उतरल्यावर परतला तर... डोंगा जागेवर नव्हता. नुसता भुसा उडत होता. सुतार लावून त्याच्याच पट्ट्या कापून, ठोकून झाल्या होत्या. कोंडा भरला होता, थर्माकोलही वर चढला होता.

मामाचं डोकं फिरलं. त्यानं संस्थेच्या अध्यक्षाची, बकारामची कॉलर धरली.

"काऊन तोडलास बे? तू ढिवराचा आहेस ना? तुले नेम मालूम नाही?"

"तीन साल झाले, पतिराम," बकाराम म्हणाला. "आता तो कायचा येते? माल कालवून पडला आहे. कोबा टाकतं का दुसरा मिस्त्री बलावू?"

मामानं कोबा टाकला.

हे सांगताना तो आजही स्वतःच्या तोंडात मारून घेतो. "मी उखडाले पाहिजे होतं रे," म्हणतो. पण त्या दिवशी त्यानं थापी उचलली आणि स्वतःच्या बहिणीला फसवलं. मावशीला कळलं तेव्हा ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं मामाशी बोलणंच टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी मामा कोब्याला पाणी मारायला गेला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. वर टिनाचं छप्पर. खोलीत अजून बर्फाचा एक खडा आला नव्हता.

तरी आत पाय ठेवताच... थंड.

त्यानं हात टेकवला. जमीन गार होती. तलावाच्या तळाशी पाणी असतं, तशी.

सकाळी त्यानं कोब्यावर बोटभर पाणी तुंबवलं होतं. ते पूर्ण आटलं होतं. भेग कुठंच नाही. त्यानं पुन्हा एक बादली ओतली. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर खाली गेलं...

आणि मग खालून आवाज आला.

टक... टक... टुक.

मासे जाळ्याकडे हाकायला डोंग्याच्या काठावर बांबू वाजवतात. प्रत्येकाचा हात वेगळा. दोन जोरात आणि एक हळू... तसं गावात एकच माणूस वाजवायचा.

मामा मागे वळला. दारात मावशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ऐकून राहिला ना?" ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती, तीही रागानं. "ते घरी येऊन राहिले होते. अन् तू त्याइच्या अंगावर सिमेंट टाकला!"

मामानं सब्बल, लोखंडी पहार, उचलली. बकाराम ओरडत धावत आला, पण मामा थांबला नाही. घाव घालत गेला. कोबा फुटला, थर्माकोल निघाला, कोंडा उघडा पडला.

कोंडा ओला चिंब होता.

आणि डोंग्याच्या पट्ट्या...

एकही नव्हती. नुसत्या रिकाम्या खाचा. खिळे मात्र जागच्या जागी, ओळीनं पडलेले. कोबा चार दिवस अखंड होता. मामा पाणी मारायला यायचा तेवढा वेळ सोडला तर खोलीला कुलूप होतं आणि किल्ली बकारामच्या कमरेला. त्यानं ती चाचपून पाहिली. खालचा आवाज बंद झाला होता.

मावशीनं खाचांत एकदा पाहिलं आणि घाईघाईनं घरी निघून गेली. घरी कुणी वाट पाहत असल्यासारखी.

बकारामनं दुसरा मिस्त्री लावून खोली पुरी केली. लाज नाही माणसाला. तिथला बर्फ आजही चालतो. त्या पट्ट्या कुठं गेल्या, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं तर मामा ताटावरून उठला.

त्या साली भाऊबीजेला मावशीनं दार उघडलं नाही. मामा पायरीवर बसून परत आला. गेल्या साली पुन्हा गेला. या वेळी दार चार बोटं उघडलं. फटीत मावशी उभी होती. चेहरा शांत, राग कुठंच नाही.

"आता नोको, भाऊ," ती हळूच म्हणाली. "ते जेवून राहिले. मंग येजो."

मावशी घरात एकटीच राहते.

तिच्यामागे, आत... ताटावर वाटी सरकली.

मामानं आणलेली साडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो चालू लागला. यंदा भाऊबीजेला तो मला सोबत चल म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.