टिटवी किती वेळात पडते?

"चार हजार एकशे अकरा, चार हजार एकशे बारा... गेला मेला तेरावा! हल्लीची मोहरीसुद्धा धड गोल नसते."

केतकी कारखान्याच्या दारातच थबकली. कुरकुर आबांची होती, पण आबा दिसत नव्हते. दिसत होते ते त्यांचे दोन पाय. बाकीचे आबा कमरेपर्यंत अंतराळयानाच्या पोटात गेले होते.

पेणमधल्या इतर कारखान्यांत गणपती असतात. केतकीच्या घरच्या कारखान्यातही होतेच, शंभर-सव्वाशे, रंगाची वाट बघत रांगेत बसलेले. पण मधल्या टेबलावर गेली पन्नास वर्षं मुक्काम होता तो 'टिटवी'चा. लांबी दोन मीटर, पोट प्लॅस्टरचं, शेपटीला चहाच्या गाळण्या, आणि अंगभर खिळे. खिळे म्हणजे मोहरीचे दाणे, चंदेरी रंगात बुडवून एकेक करून चिकटवलेले.

आबा, म्हणजे केतकीचे आजोबा, मूर्तिकार मोरेश्वर, अठ्ठावीस वर्षांचे असताना 'झेप टिटवीची' नावाची मालिका टीव्हीवर लागायची. दर रविवारी सकाळी, तेरा भाग. यान आबांनी घडवलं होतं. परग्रहावरच्या लोकांची शिरस्त्राणं गणपतीच्या मुकुटाच्या साच्यातून काढलेली. यानाची यंत्रं म्हणजे अंड्यांचे ट्रे आणि स्टोव्हच्या चाव्या. आपोआप सरकणारं दार दोन माणसं पलीकडून दोरीने ओढत, आणि एकाला शिंक आली की दार अर्ध्यावर अडकायचं. या गोष्टी आबा इतक्या रंगवून सांगत की गल्लीतली मुलं पुन्हा पुन्हा ऐकायला येत.

फक्त तेराव्या भागाची गोष्ट ते सांगत नसत. त्यात टिटवी एका तळ्यात कोसळते. कुणी तो विषय काढलाच, तर केतकीची आई लगबगीने उठायची. "चहा टाकते हं," म्हणायची. त्या घरात नको तेवढा चहा व्हायचा.

आता मात्र विषय दारातच येऊन उभा राहिला होता. जुन्या मालिका जतन करणाऱ्या एका संस्थेने कळवलं होतं की मालिका पुन्हा दाखवणार आहोत, पण तेराव्या भागाच्या फितीवर बुरशी चढली आहे. कोसळण्याचे अठरा सेकंद वाया गेले आहेत. मूळ यान तुमच्याकडे आहे, तर तेवढंच दृश्य पुन्हा चित्रित करून द्याल का? सोमवारपर्यंत जमलं नाही, तर आम्ही संगणकावर दुसरं यान काढून घालू.

"दुसरं यान!" आबा पोटातून बाहेर येत म्हणाले. मिशांना मोहरी चिकटली होती. "माझ्या टिटवीच्या जागी? केतकी, अजून दोनशे खिळे लागले ना, की बघच. मूर्तीत जीव नसेल तर चूक बारकाव्यातच असते. एखाद्या गणपतीची नजर चुकते, तेव्हा डोळ्यांच्या आखणीत केसभर फरक असतो. ती सुधारली की मूर्ती बघायला लागते. हिचंही तसंच आहे."

केतकीने मान डोलावली आणि तिथून सटकली. कारण संस्थेने पाठवलेलं ते खराब दृश्य तिने सकाळीच पाहिलं होतं. आडव्या रेघा होत्या, रंग विटलेले होते, तरी दिसायचं ते दिसत होतं. टिटवी सुंदर होती. पण ती डुबुक करून पाण्यात पडली, पाणी टुणकन उडालं, आणि एवढं पन्नास मीटरचं यान बादलीतल्या बदकासारखं दिसलं. खिळे तेव्हाही हजारभर होतेच की! मग असं का?

हे आबांना विचारायचं कसं? तिने फिरकीला गाठलं.

फिरकी कारखान्यातली यंत्रमानव होती. मूर्ती गोल फिरवून रंग तपासायचं तिचं काम. ओघळ सुटायच्या आत दिसावा म्हणून तिचा डोळा एका सेकंदाला पाचशे चित्रं टिपू शकायचा.

"फिरकी, तेराव्या भागात टिटवी—"

"चहा टाकू का?" फिरकी म्हणाली.

"तूसुद्धा!"

"घरातली माणसं या प्रश्नाला हेच उत्तर देतात. मी पाहून शिकले."

"बरं, टिटवीचं राहू दे. छोटी वस्तू पडताना छोटी का दिसते, ते सांग."

फिरकीची मान एकदा पूर्ण गोल फिरली. "हे विचारायला मनाई नाही. नारळ आणि सुपारी घेऊन ये."

कारखान्याचा माळा जमिनीपासून बरोबर पाच मीटर उंच होता. केतकीने कठड्यावरून नारळ सोडला. धप्प!

"एक सेकंद," फिरकीने सांगितलं. "आता सुपारी. जमिनीपासून वीतभर वरून, म्हणजे वीस सेंटिमीटर. पाच मीटरच्या पंचवीस पट कमी."

टक्!

"तर किती वेळ लागला असेल?"

"पंचवीस पट कमी उंची, म्हणजे पंचवीस पट कमी वेळ."

"नाही. फक्त पाचपट कमी. सेकंदाचा पाचवा भाग."

"काहीतरी काय!"

फिरकीने आपण टिपलेला नारळ भिंतीवर दाखवला, दहापट लहान करून आणि अगदी संथ. केतकीने खडू घेतला आणि दर पंचमांश सेकंदाला नारळ जिथे होता तिथे खूण केली. मग वरून खाली टेप लावली आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणलं. पहिली खूण वीस सेंटिमीटरवर. दुसरी ऐंशीवर. तिसरी एकशेऐंशी, चौथी तीनशेवीस आणि पाचवी पाचशे, म्हणजे जमीन.

"खुणा लांब लांब होत गेल्यात," केतकी म्हणाली.

"कारण गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची ओढ) थांबत नाही. नारळ सुटतो तेव्हा रेंगाळतो, मग ओढ लागतच राहते आणि त्याचा वेग वाढत जातो. आता प्रत्येक आकड्याला विसाने भाग."

केतकीने भिंतीवरच भागाकार मांडले. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस. ती आकड्यांकडे बघत राहिली. "अगं, हे तर वर्ग आहेत! एक एके एक, बे दुणे चार, तीन त्रिक नऊ..."

"वेळ दुप्पट, तर अंतर चौपट. वेळ पाचपट, तर अंतर पंचवीस पट. उलट्या बाजूने पाहिलंस तर अंतराचं वर्गमूळ (ज्या संख्येला तिनेच गुणलं की मूळ संख्या येते ती) काढलं की वेळ मिळतो."

केतकीचा खडू हवेतच राहिला. टिटवी गोष्टीत पन्नास मीटरची. टेबलावर दोन मीटरची. पंचवीस पट लहान! म्हणजे खरी टिटवी जिथे एक सेकंद पडत राहिली असती, तिथे ही पंचमांश सेकंदात पाण्यात. शिंतोडेसुद्धा पाचपट घाईने खाली. खिळे कितीही लावा, पृथ्वी काही मोहरी मोजत बसत नाही! डोळ्याला आकार फसवतो, पण वस्तू किती वेळात पडते हे आपण जन्मल्यापासून पाहत आलोय. तिथे डोळा फसत नाही.

"म्हणजे जुनं दृश्य नुसतं पाचपट हळू दाखवलं की झालं?"

फिरकीने दाखवून पाहिलं. टिटवी हवेत अडखळत, ठेचकाळत, धक्क्याधक्क्याने खाली आली.

"टीव्हीसाठी एका सेकंदाला पंचवीस फ्रेम (चलचित्रातलं एकेक स्थिर चित्र) टिपतात," फिरकी म्हणाली. "दोन फ्रेमच्या मधलं टिपलंच नव्हतं, ते आता कुठून आणायचं?"

"मग टिपतानाच पाचपट टिपायच्या. सेकंदाला एकशेपंचवीस. आणि दाखवायच्या पंचवीसच. म्हणजे एका सेकंदाचे पाच सेकंद होतील, अडखळल्याशिवाय!"

"माझा डोळा मोकळा आहे," फिरकी नम्रपणे म्हणाली.

उपाय सापडला होता. पण तो सांगायचा, तर आधी दुखणं सांगायला हवं होतं. केतकी सुपारी मुठीत घेऊन आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं? काय हवंय?"

"आबा, एक गंमत दाखवू? नारळाची."

नारळ सोडला, सुपारी सोडली, भिंतीवरचे आकडे दाखवले. आबांनी खडूच्या खुणांवरून बोट फिरवलं, मूर्तीचा गाल तपासावा तसं. एकदा वरून खाली. एकदा खालून वर. मग टिटवीकडे गेले आणि तिच्या खिळ्यांवरून हात फिरवू लागले. केतकीला वाटलं, आता चहाच टाकावा लागणार.

"कॅमेरामनला मी विचारलं होतं," शेवटी ते म्हणाले. "काही करता येईल का म्हणून. तो म्हणाला, स्टुडिओतला कॅमेरा एकाच वेगाने चालतो. मला वाटलं, मग राहिलं ते माझंच काम." त्यांनी मिशीतली मोहरी काढून बशीत टाकली. "हौद भर. आणि पाण्यात थोडा साबण घाल, नाहीतर थेंब मोठाले उडतात. पंचवीस पट मोठ्या यानाभोवती ते कलिंगडाएवढे वाटतील. थेंबाला काही लहान करता येत नाही, पण साबणाने जरा बारीक फुटतो. तेवढं मला तेव्हाही माहीत होतं."

शनिवारी सकाळी शाडू भिजवायच्या हौदात टिटवी सात वेळा कोसळली. पहिल्यांदा साबण जास्त झाला आणि यान फेसात बसलं, नवऱ्यामुलाला न्हाऊ घालतात तसं. तिसऱ्यांदा दोरी सुटली नाही. पाचव्यांदा मागे केतकीची आई पळी घेऊन चालत गेलेली दिसली, पन्नास मीटरच्या यानामागे चाळीस मीटरची बाई. सातव्यांदा सगळं जमलं. एकूण काम साडेतीन सेकंदांहून जरासंच जास्त. दाखवताना अठरा.

दुपारी आबांनी टिटवी पुसली, तिच्यावर चादर टाकली आणि गल्लीतल्या मुलांना बोलावून आणायला सांगितलं.

"मुलंच कशाला?" आई कुजबुजली. "ती कशालाही हसतात."

"म्हणूनच," आबा म्हणाले.

नऊ-दहा मुलं गणपतींच्या मधून वाट काढत बसली. आबा मात्र उभेच राहिले, भिंतीला पाठ लावून. त्यांची मूठ आवळलेली केतकीला दिसली. फिरकीने पांढऱ्या पडद्यावर दृश्य सुरू केलं.

टिटवी ढगातून खाली आली. सावकाश, जड, उशिरा थांबणाऱ्या मालगाडीसारखी. तिचं नाक पाण्याला टेकलं आणि तळं दोन्ही बाजूंना फाटलं. पाण्याच्या भिंती वर चढल्या, वरती क्षणभर टांगून राहिल्या, आणि मग चूर होत खाली कोसळत राहिल्या. अठरा सेकंद संपले तरी कुणी हललं नाही.

मग पुढच्या ओळीतला सहा वर्षांचा पार्थिव मागे वळला. "आबा, आत माणसं होती त्यांना लागलं का?"

"नाही रे. सगळी वाचली."

"ते यान केवढं होतं? आपल्या देवळाएवढं?"

चादरीखालची टिटवी त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावरच होती. आबांची मूठ हळूहळू सुटली. केतकी पुढे सरकली.

"आबा, ऐका ना. पुढच्या सुट्टीत मी माझं यान करणार, चंद्रावर उतरणारं. पण चंद्राची ओढ आपल्या एकषष्ठांश. म्हणजे तिथे पडायलाच जास्त वेळ लागेल, मग फ्रेम आणखी वाढवायला हव्यात. किती, ते तुम्ही आणि मी काढू." आणि बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तेराव्या भागासारखं व्हायला नको."

आई पदर सावरत उठली. "मी जरा चहा..."

"बस गं, सुवर्णा. चहा नको," आबा म्हणाले. ते खाली मुलांमध्ये बसले, चादर ओढून काढली, आणि टिटवीला जवळ घेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोक हसले होते तेव्हा. पोट धरधरून हसले होते. आणि खरं सांगू? खेळणंच दिसत होतं ते."